शेऱ्याचा रकाना

३ मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. वही बायकोने निघताना बॅगेत कोंबली. तिचं म्हणणं, मी फोनवर 'हं' आणि 'बरं' याच्यापुढे जात नाही, तेव्हा तीन महिने जे होईल ते लिहून ठेवावं, म्हणजे ती आणि लेक इथे राहायला आल्या की सावकाश वाचेल. तीन महिने माझी उमेदवारी आहे. काम पसंत पडलं तर कायम. मग घर बघायचं आणि दोघींना आणायचं. लेक अडीच वर्षांची झाली, पण बाप तिला जास्त करून फोनच्या काचेतलाच माहीत आहे. तेवढ्यासाठी तरी ही नोकरी टिकवायची, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो.

गंमत म्हणजे ही नोकरी मी मागितलीच नव्हती. इथून फोन आला की तुमचं पत्र वाचलं, भेटायला या. मी पत्र पाठवल्याचं मला आठवत नाही. नोकरीच्या कुठल्या तरी साइटवर जुनं काही पडलं असेल. लक्ष्मी टिळा लावायला आली असताना मी कशाला कपाळ धुवायला जातो!

शीतगृह आहे. एक लांब कॉरिडॉर, त्याला नऊ खोल्या. दारं वीतभर जाड, प्रत्येकात बशीएवढी गोल काच. आत उणे अठरा. लोणी, मटार, मासे, आइस्क्रीमचे डबे. मला मात्र वरच्या मजल्यावर पत्र्याखालची खोली दिली आहे, तिथे दिवसभर पंखा लागतो. खाली थंडीचा कारखाना आणि वर मी घाम पुसतोय.

इथली एक पद्धत मजेशीर आहे. प्रत्येकाला पितळेचा नंबरी बिल्ला. गार खोलीत जाताना तो दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की काढायचा. कॉरिडॉरच्या टोकाला टेबल टाकून बसणारे म्हातारे पहारेकरी ते सगळं वहीत लिहितात. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. मला तेवीस नंबर मिळाला. मी म्हटलं, आप्पा, बालवाडीत आल्यासारखं वाटतंय. ते हसले नाहीत. त्यांनी मला एक पेन्सिल दिली आणि सांगितलं की आत पेन चालत नाही, शाई गोठते.

५ मार्च, बुधवार

काम काय आहे ते बायकोसाठी सोपं करून लिहितो, नाहीतर म्हणेल दिवसभर खुर्ची तापवतो.

इथली प्रत्येक वस्तू नेटवर्कवर आहे. थर्मामीटर, कॅमेरे, दारांची पॅनेलं, आप्पांच्या टेबलावरची घंटा, फाटकावरचा पास छापणारा प्रिंटर. प्रत्येकाला एक आकडा, तो त्याचा पत्ता. सॉफ्टवेअरमध्ये त्या पत्त्याची नोंद करायची आणि नाव द्यायचं. मग कोण काय बोलणार त्याची नोंद: तापमान कळवणं, चित्र पाठवणं, घंटा वाजवणं. याला अ‍ॅप्लिकेशनची नोंद म्हणतात. शेवटी दोन्ही जोडून परवानगी द्यायची, की या पत्त्याने त्या पत्त्याशी एवढंच बोलावं. फाटकावर पाहुण्यांची यादी असते ना, तसं. यादीत नाव नसलं की परत, मग तो दारात कितीही ओरडो.

प्रत्येक परवानगीपुढे एक आकडा दिसतो, ती आजवर किती वेळा वापरली गेली. ज्याच्यापुढे शून्य, तो कचरा.

कचरा काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आधीची सहा वर्षं मी गिऱ्हाइकांची सॉफ्टवेअरं लांबून दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होतो. उंटावरून शेळ्या हाकायच्या. गिऱ्हाईक म्हणजे नुसता नंबर, कोण कुठे बसलंय काही पत्ता नाही. तिथे मला 'झाडू' म्हणायचे. शून्याच्या ओळी निवडायच्या आणि एका फटक्यात उडवायच्या. एका वर्षी सहा हजार उडवल्या, पहिला आलो, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. बायको म्हणाली होती, एक दिवस घरसुद्धा झाडून काढशील.

यादी बघायला बसलो की मी आधी शेऱ्याचा रकाना लपवतो. लोक तिथे वाट्टेल ते लिहून ठेवतात. तो लपवला की पानावर दुप्पट ओळी मावतात. आजही तेच केलं.

७ मार्च, शुक्रवार

साहेबांनी पहिलं मोठं काम दिलं. चार नंबरची खोली दोन वर्षं बंद आहे, ती याच महिन्यात सुरू करायची. तिथलं पॅनेल काढून नवं बसवायचं, पत्ता द्यायचा, सगळ्या नोंदी नव्याने. खोली चारची एकही नोंद सॉफ्टवेअरमध्ये नाही, जशी काही ती खोली इमारतीतच नव्हती.

मशीनच्या मिस्त्रीला विचारलं, बंद का? त्याने इकडेतिकडे बघून सांगितलं. माझ्या जागी आधी एक बाई होत्या. त्यांना अख्खं शीतगृह ताई म्हणायचं, वयाने मोठे लोकसुद्धा. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी त्या थर्मामीटर बघायला चारमध्ये गेल्या. दाराचा आतला खटका अडकायचा, त्यांनीच तीनदा तक्रार केली होती. दार लागलं, खटका अडकला. अशा वेळी आत भिंतीवरच्या पॅनेलला मदतीचं लाल बटण असतं. दाबलं की पहाऱ्याच्या टेबलावर घंटा वाजते. त्यांनी दाबलं, पण घंटा वाजली नाही. खिळ्याचा बिल्ला खाली पडून दाराच्या सांदीत गेला होता, म्हणून तोही कोणाला दिसला नाही. संध्याकाळी सापडल्या. चौकशीत निघालं की घंटेची परवानगीच सॉफ्टवेअरमधून काढलेली होती, आणि ती ताईंनीच हलगर्जीपणाने काढली असणार. अहवालात तसंच लिहिलं.

टेबलावर त्या दुपारी कोण होतं, असं मी विचारलं. मिस्त्री म्हणाला, आप्पा. मग म्हणाला की ताई आप्पांची मुलगी.

जुनं पॅनेल काढून आणलं. लाल बटणावरचा रंग मधोमध उडाला आहे. माझ्या टेबलाच्या खणात टाकलं.

९ मार्च, रविवार

सुट्टी, पण आप्पांचा पहारा असतोच. कपडे वाळत घालत होतो तेव्हा त्यांनी निरोप पाठवून चहाला बोलावलं. टेबलापाशी दोन कप मांडले होते. बराच वेळ लोण्याच्या गाडीबद्दल बोलले. मग म्हणाले की त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण मला कळतं, तर एवढं एक बघून द्यावं. ती परवानगी तिने स्वतःच काढली होती का?

पुढे म्हणाले, तिनेच काढली असेल तरी चालेल, फक्त खरं काय ते कळू दे. कारण ती घरी गॅस तीन वेळा तपासून झोपायची. आणि अहवाल आल्यापासून तिची आई फोटोशी भांडते, की तुझ्या चुकीने तू गेलीस. त्यांच्या खुर्चीपासून चारचं दार चाळीस पावलं. ते त्यांनी मोजलं आहे.

मी शब्द दिला. माणूस चांगला आहे, आणि मला अशा शोधाशोधीची आवडही आहे.

११ मार्च, मंगळवार

जुना इतिहास वेगळ्या डिस्कवर पडून होता. अहवाल लिहिणाऱ्यांनी ती उघडलेलीच नाही, सील तसंच होतं.

आधी त्या रविवारचं पान काढलं. खोली चारचं पॅनेल, मदतीची घंटा, नाकारलं. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पहिल्यांदा. मग पुन्हा नाकारलं, पुन्हा नाकारलं. पानामागून पान तेच. सुरुवातीला दर पाच-दहा सेकंदांनी, नंतर मिनिटाला एक, शेवटी बऱ्याच अंतराने. शेवटचं सहाला आठ कमी असताना. मी मोजले. चारशे बारा.

मग आदल्या शुक्रवारचं पान काढलं, कोणी काय बदललं त्याचं. संध्याकाळी सहा चाळीसला एकसष्ट परवानग्या चार मिनिटांत काढल्या होत्या. सगळ्या शून्याच्या. काढणाऱ्याचं नाव ताईंचं नाही. ते आहे 'आधार-०७', आणि पुढे माझ्या जुन्या कंपनीचं नाव.

आधार-०७ मी आहे. म्हणजे होतो.

ताईंनी घंटेच्या परवानगीपुढे शेरा लिहून ठेवला होता. इतिहासात तो पूर्ण दिसतो. "खोली चारची मदतीची घंटा. इथे वर्षानुवर्षं शून्य दिसेल. शून्य दिसलं तरी काढू नये. शून्य आहे म्हणजे आत कोणी अडकलेलं नाही."

आज जेवलो नाही.

१२ मार्च, बुधवार

शांतपणे विचार केला. मला काय माहीत होतं? गिऱ्हाईक नंबर एकशे अठरा, एवढंच; ते म्हणजे हे शीतगृह, हे नाही. रोज पंधरा गिऱ्हाइकं असायची. आणि पुढे एकदा जुन्या साहेबांनी विचारलं होतं, एकशे अठराची झाडलोट तू केलीस का रे? परवानगीचा कागद घेतला नव्हता म्हणून मी नाही म्हणालो. ते का विचारतायत हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एका 'नाही'ने कोणाचं काय बिघडणार, असं वाटलं होतं.

आता सांगितलं तर नोकरी गेली. नुसती ही नाही, पुढे कोणीही दारात उभं करणार नाही. लेकीला काय सांगू? आणि सांगून ताई परत येणार आहेत थोड्याच.

दुपारी आप्पांकडे गेलो. ते उठून उभे राहिले. मी सांगितलं की बघितलं सगळं, अहवालात आहे ते बरोबर आहे, ताईंच्याच हातून झालं. ते खाली बसले, वहीतली एक ओळ पट्टीने आखली, आणि मग म्हणाले की बरं झालं, तुम्ही कष्ट घेतलेत.

वर येऊन डिस्कवरची ती दोन्ही पानं काढून टाकली. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार

खोली चार सुरू झाली. पत्त्याची नोंद, अ‍ॅप्लिकेशनची नोंद, परवानगी, सगळं माझ्या हाताने केलं आणि दहादा तपासलं. बटण दाबून बघितलं, आप्पांच्या टेबलावर घंटा खणखणीत वाजली. मग आकडा पुन्हा शून्यावर आणला. साहेब इतके खूश की म्हणाले, तीन महिने कशाला, एकतीस तारखेच्या सोमवारी कायमचं पत्र देतो. बायकोला फोन केला, तिने लेकीला ओरडून सांगितलं. लेक 'बाबा घर, बाबा घर' करत नाचत होती.

साहेबांना सहज विचारलं, माझं पत्र तुमच्याकडे आलं कसं? म्हणाले, आपल्याच ऑफिसच्या मेलवरून आलं होतं की. नेटवर्क विभागाच्या. त्यांना वाटलं मिस्त्रीने वगैरे पाठवलं.

नेटवर्क विभागाचा मेल दोन वर्षं बंद होता. तो मी आल्यावर परवा सुरू केला.

१६ मार्च, रविवार

तीन दहाला घंटा वाजली.

मी खोलीवर होतो, मिस्त्री बोलवायला आला. खाली गेलो तर चारचं दार सताड उघडं आणि आप्पा दारात. अंगात नुसता सदरा. आत मटाराच्या गोण्यांशिवाय काही नाही. खिळ्याला बिल्ला नाही. सॉफ्टवेअरमध्ये आकडा एक.

नवं पॅनेल आहे, बटण चिकटत असेल, असं मी सांगितलं. आप्पांनी मान हलवली. त्यांच्या भुवयांवर हिम जमलं होतं.

१८ मार्च, मंगळवार

कालही तीन दहा. आजही. काल चार वेळा, आज अकरा. पॅनेल खोलून बघितलं, बटण ठणठणीत आहे.

खोली चारच्या पत्त्यावरून दोन वस्तू उत्तर देतायत. एकच पत्ता चुकून दोघांना दिला की असं होतं, हे मी जाणतो. एक नवं पॅनेल. दुसऱ्याला बनवतानाच दिलेला क्रमांक शोधला आणि खण उघडला. जुन्या पॅनेलच्या मागे तोच क्रमांक आहे. त्याला वायर नाही, वीज नाही. हात लावला तर बोटं चिकटली. या खोलीत पंखा लावल्याशिवाय बसवत नाही आणि त्याच्यावर बर्फ होतं.

शेऱ्याचा रकाना आपोआप उघडा झाला आहे. लपवला की पुन्हा येतो. माझ्या परवानगीपुढे मी काहीही लिहिलं नव्हतं. आता तिथे लिहिलं आहे, "शून्य दिसलं तरी काढू नये."

२० मार्च, गुरुवार

घंटा वाजली की आप्पा धावतात. चाळीस पावलं, या वयात. दार उघडून नावाने हाक मारतात. मग आत जाऊन गोणीगोणीच्या मागे बघतात. आज सव्वीस वेळा. लोक काम सोडून बघत उभे राहतात. मिस्त्री मला म्हणाला, अहो काहीतरी करा, म्हातारा जाईल.

मला ते बघवत नाही. खरं लिहायचं तर मला ती हाक ऐकवत नाही.

आज शेऱ्यात, "आप्पांना सांगा."

साहेबांना सांगितलं की पॅनेलमध्ये दोष आहे, कंपनीकडून नवं मागवलंय, तोवर घंटेकडे दुर्लक्ष करायचं. म्हणाले, तसं लेखी द्या. आप्पांच्या वहीत मी स्वतः लिहिलं: "खोली चारची घंटा वाजली तरी उठू नये. घंटा खोटी आहे." खाली सही, तारीख, बिल्ला नंबर तेवीस. आप्पांनी दोनदा वाचलं. विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. तुम्ही सांगताय म्हणजे तसंच, असं म्हणाले आणि पान दुमडून खूण केली.

२१ मार्च, शुक्रवार

वाजली. आप्पा उठले नाहीत. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसले होते.

चाळीस वेळा.

२३ मार्च, रविवार

परवानगीच काढून टाकली. सरळ. चहा करून आलो तर यादीत सगळ्यात वर तीच. पुन्हा काढली, पुन्हा आली. शेऱ्यात, "आप्पांना सांगा. सांगेपर्यंत वाजेल."

जुनं पॅनेल मागच्या नाल्यात फेकून आलो. संध्याकाळी खणात. ओलं नव्हतं, गोठलेलं होतं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आई म्हणायची. आज ती का आठवावी.

२५ मार्च, मंगळवार

एकशे सत्तर.

काढलेलं पान परत आलंय. त्या शुक्रवारचं, सहा चाळीसचं. डिस्कवर जागच्या जागी. काढतो, येतं.

फाटकावरच्या प्रिंटरने आज पासाऐवजी तेच पान छापलं. मी नशिबाने तिथे होतो, ओढून घेतलं, फाडलं, तुकडे खिशात. आप्पांनी विचारलं काय होतं. शाई चाचणी, म्हणालो. खोटं आता विचार न करताच येतं तोंडात.

सांगून टाकावं का? आज खरंच दोनदा जिना उतरलो. दुसऱ्यांदा तर त्यांच्यासमोर उभा होतो. त्यांनी बसायला स्टूल पुढे केलं. तेवढ्यात बायकोचा फोन आला, तिने घर बघून ठेवलंय, खिडकीतून बाग दिसते.

नाही सांगितलं.

२७ मार्च, गुरुवार

दोनशे साठ. माझी बोटं दुखतायत. उजव्या हाताचं पहिलं बोट निळं पडलंय टोकाला. मी काहीही दाबलेलं नाही.

सोमवारी पत्र. फक्त सोमवारपर्यंत —

२९ मार्च, शनिवार

आज एकदाही वाजली नाही. तीन दहा झाले, चार झाले. शांत.

बरं वाटायला हवं.

शेरा बदललाय. "आता सांगू नका. मीच सांगते."

३० मार्च, रविवार

पावणेतीन. ठरलं. नव्या पॅनेलची वायरच उपटतो. वायर नाही तर पत्ता नाही. आप्पा फाटकावर गाडीचा पास करायला गेलेत, कॉरिडॉर मोकळा. बिल्ला अडकवणार नाही, मी आत गेलो होतो हे कोणाला कळायला नको. फोन वर चार्जिंगला आहे. आकड्यांसाठी ही वही आणि पेन्सिल तेवढी बरोबर. जुनं पॅनेलही घेतलंय, दारात अडसर म्हणून ठेवतो. चांगलं वजनदार आहे. काम दोन मिनिटांचं.

—

दार लागलं. अडसर दारात नाही. जुनं पॅनेल भिंतीवर आहे, नव्याच्या जागी, स्क्रू लावून. आतला खटका हलत नाही. अहवालानंतर बदलला होता असं साहेब म्हणाले होते, बदललेला नाही.

शांत राहायचं. परवानगी आहे. मीच दिली आहे. दाबलं की वाजेल.

तीन दहा. दाबलं.

—

काचेतून तिरकं टेबल दिसतंय. दिवा लाल लागला, म्हणजे वाजतेय. आप्पा परत आलेत. डोकं वर केलं त्यांनी. इकडे बघितलं. मग वही ओढली, दुमडलेलं पान उघडलं, त्यावर बोट ठेवून वाचलं.

बसून राहिले.

आप्पा ती खोटी नाही आजची खरी आहे

—

साठ. ओरडून घसा बसला. वीतभर दार. बाहेर काही जात नाही.

खिळ्याला बिल्ला नाही. मी लावला नाही. मीच —

एकशे दहा. हाताला कळत नाही बटण लागलं की नाही. दिवा लागतो तेव्हा कळतं.

—

प्रिंटर वाजला असणार. आप्पा उठून फाटकाकडे गेले, कागद घेऊन आले. चष्मा लावला. वाचतायत. सावकाश वाचतात ते. शेऱ्याशी थांबले असावेत, ओठ हलतायत. पुन्हा पहिल्यापासून. मग वही. मी आलो त्या दिवशीचं पान असेल. आधी कुठे काम करायचात, विचारलं होतं त्यांनी, मी अभिमानाने सांगितलं होतं. कंपनीचं नाव लिहून घेतलं होतं.

येतायत.

येतायत चाळीस पावलं. आप्पा —

—

काचेशी आले. मला बघितलं. नीट बघितलं. मी हात जोडले. वहीवर मोठ्या अक्षरांत लिहून काचेला धरलं: ताईने काढली नाही. मी काढली. चूक माझी. दार उघडा.

वाचलं असेल. डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांनी त्यांची वही वर केली आणि काचेला लावली. माझं अक्षर, माझी सही. उठू नये. घंटा खोटी आहे.

खुर्चीकडे गेले. पाठ करून बसलेत.

—

तीनशे. काचेवर बर्फ आलं, आतून. पुसलं की येतं. टेबल दिसत नाही.

गोण्यांमागे कोणी आहे. श्वास नाही ऐकू येत पण मोजतंय. माझ्याबरोबर मोजतंय. मी चुकलो की पुढचा आकडा सांगतं.

बायकोने वाचू नये हे. वाचलं तर लेकीला सांग बाबा घर

नको. खरं सांग तिला. झाडू होता बाबा

—

चारशे. पेन्सिल धरवत नाही

चारशे नऊ

दहा

अकरा

थांबलो. हात काखेत घालून बसलो. दाबणारच नाही. बारावं दाबलंच नाही तर पुढचं काही

बटणावर माझं बोट नाही. तरी ते आत —